बाणाची नळी : रिसालीच्या मैदानावरून रॉकेटच्या इतिहासाकडे

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की इतिहासाच्या मालिकेत लढाया खूप झाल्या, आता काहीतरी मुलांसाठी घ्या. आज घेतो. विषय रॉकेटचा आहे. लढाई त्यातही येणारच, त्याला माझा इलाज नाही.

आधी एक शब्द बघू. दिवाळीत बाटलीत उभं करून उडवतात त्याला तुमच्या घरी काय म्हणतात? पुण्या-मुंबईकडची नवी पिढी 'रॉकेट' म्हणते. आमच्याकडे, म्हणजे नागपूरहून भिलाईला आलेल्या घरांत, अजून 'बाण' म्हणतात. माझी आई तर 'रॉकेट' शब्द उच्चारतच नसे. हा बाण धनुष्यातल्या बाणाची नुसती उपमा आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात 'बाण' या शब्दाला तीर हा अर्थ आहे आणि दारूचं रॉकेट हाही अर्थ आहे. अठराव्या शतकातल्या मराठी कागदांत आणि बखरींत तोफांबरोबर, बंदुकांबरोबर 'बाण' येतात ते बहुतेक वेळा हेच. ते चालवणारा तो बाणदार. पानिपतच्या वर्णनांतही हे बाण आहेत. म्हणजे इंग्रजीत 'रॉकेट' शब्द रुळला (मुळात तो इटालियन, सूत गुंडाळायच्या छोट्या चातीवरून आलेला), तेव्हा आपल्याकडे त्या वस्तूला चांगलं घरचं नाव होतं, आणि ती वस्तू रोजच्या लष्करी कामात होती.

तर हा जुना बाण होता कसा? लांब बांबू, त्याच्या पुढच्या टोकाला बांधलेली नळी, नळीत ठासलेली दारू, मागच्या बाजूला वायू बाहेर पडायला तोंड. वात पेटवायची आणि सोडून द्यायचं. नेम फारसा नसे. हत्ती, घोडे बिथरवणं, गर्दीत गोंधळ उडवणं, दारूगोळ्याच्या गाड्यांना आग लावणं, ही त्याची कामं.

खरा बदल झाला तो म्हैसूरला. हैदर अली आणि टिपू यांच्या कारागिरांनी ही नळी लोखंडाची केली. ऐकायला साधं वाटतं, पण सगळी गोष्ट इथेच आहे. कागदाच्या किंवा बांबूच्या नळीत दारू जास्त दाबून भरता येत नाही. आतला दाब वाढला की नळी फुटते. लोखंडाची नळी दाब सहन करते. दाब जास्त म्हणजे वायू मागच्या तोंडातून जास्त वेगानं बाहेर, म्हणजे बाण जास्त लांब. म्हैसूरचे बाण हजार यार्डांच्या पुढे जात असल्याच्या नोंदी आहेत. १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत कर्नल बेलीच्या फौजेचा फडशा पडला, त्यात या बाणांचा वाटा होता. १७९९ च्या एप्रिलमध्ये श्रीरंगपट्टणजवळच्या सुलतानपेठच्या राईत रात्रीच्या अंधारात बाणांचा मारा झाला आणि एका तरुण इंग्रज कर्नलला माघार घ्यावी लागली. त्याचं नाव आर्थर वेलस्ली. हाच पुढे आसईला शिंदे-भोसल्यांशी लढला आणि आणखी पुढे वॉटर्लूला नेपोलियनशी.

श्रीरंगपट्टण पडल्यावर तिथले बाण इंग्लंडला गेले. विल्यम काँग्रीव्हनं त्यांच्यावरून वूलिचमध्ये स्वतःचं रॉकेट बनवलं, ते नेपोलियनविरुद्ध वापरलं गेलं आणि १८१४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या किल्ल्यावरही पडलं. अमेरिकेच्या राष्ट्रगीतात रॉकेटांचा जो लाल उजेड आहे तो तिथलाच. डॉ. कलामांनी आत्मचरित्रात सांगितलंय की, १९६३ मध्ये नासाच्या वॉलॉप्स केंद्रात गेले असताना त्यांना स्वागतकक्षात एक चित्र दिसलं. त्यात सावळे सैनिक रॉकेट सोडताहेत. बघितलं तर ते टिपूचे. माधुरी शानभागांनी केलेलं 'अग्निपंख' हे मराठी भाषांतर तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल, त्यात हा प्रसंग सापडेल. आणि २०१८ च्या जुलैमध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या नगर इथे एका कोरड्या विहिरीत अशा लोखंडी नळ्या हजारावर सापडल्या. चिखलात दारूचा वास येत होता म्हणे.

इतकं सगळं सांगितलं ते एका नळीसाठी. लोखंडी नळीनं बाणाला पल्ला दिला. पण दाब सहन करणारी नळी जेव्हा सहन करत नाही, तेव्हा तीच नळी बॉम्ब होते. कागदाची नळी फुटली तर कपटे उडतात. लोखंडाची फुटली तर लोखंड उडतं.

हे मला आमच्या रिसालीत शिकायला लागलं नसतं तर बरं झालं असतं. गेल्या दिवाळीनंतर आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका नववीतल्या मुलानं उरलेले बाण सोलले, दारू एका वाटीत गोळा केली आणि नळाच्या पाइपच्या तुकड्यात भरली. पाइप कुठून आणला हा प्रश्न भिलाईत कुणी विचारू नये. इथे लोखंड घराघरांत, अंगणात, गच्चीवर पडलेलं असतं. मुलानं कोणाचं वाईट करायला काही केलं नव्हतं. त्यानं इंटरनेटवर रॉकेट बघितलं होतं आणि त्याला ते उंच जायला हवं होतं. उजव्या हाताच्या अनामिकेचं पेर गेलं, तळहात भाजला. डोळे वाचले.

महिनाभरानं आमच्या मराठी मंडळींची नेहमीची बैठक होती. हळदीकुंकवाचा विषय बाजूला राहिला आणि हाच निघाला. एका काकूंचं म्हणणं स्पष्ट होतं, "रॉकेटचं नावच काढायचं नाही. पोरं आहेत, आज हात गेला, उद्या जीव जाईल." त्यांचं काही चूक नव्हतं. दुसऱ्या बाजूला कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर काका. ते म्हणाले, "नाव नाही काढलं म्हणून पोरगा थांबणार आहे का? त्यानं आपल्याला विचारून केलं होतं का हे?" मी इतिहासाचा माणूस म्हणून माझ्याकडे बघितलं गेलं. मी त्यांना जे सांगितलं तेच आता तुम्हाला सांगतो, कारण हा वाद जुना आहे आणि एका देशात तो खूप मोठ्या प्रमाणावर झाला होता.

४ ऑक्टोबर १९५७. सोव्हिएत संघानं स्पुटनिक सोडला. त्या दिवसांत भिलाईत काय चाललं होतं? सोव्हिएत इंजिनिअर आणि आपले लोक मिळून पोलाद कारखाना उभा करत होते. करार १९५५ च्या फेब्रुवारीत झाला होता. पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हातून झालं. म्हणजे स्पुटनिक डोक्यावरून फिरत होता तेव्हा ज्या देशानं तो सोडला त्या देशाची माणसं इथल्या माळावर काम करत होती. जुने लोक अजूनही सेक्टर ७ मधल्या 'रशियन कॉम्प्लेक्स'च्या गोष्टी सांगतात.

अमेरिकेत मात्र स्पुटनिकनं घबराट उडवली, आणि घबराटीबरोबर पोरांच्या अंगात रॉकेट शिरलं. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कोलवुड नावाचं एक कोळशाच्या खाणीचं गाव होतं. खाण एका कंपनीची, घरं कंपनीची, दुकान कंपनीचं. तिथला कोळसा पोलादाच्या भट्ट्यांकडे जायचा. खाणीच्या अधीक्षकाचा मुलगा होमर हिकम यानं मित्रांना घेऊन रॉकेट बनवायला घेतलं. पहिल्या प्रयत्नात आईच्या गुलाबाच्या वाफ्याचं कुंपण उडालं. मग कंपनीच्या वर्कशॉपमधल्या कामगारांनी या पोरांना नळ्या आणि तोट्या कातून दिल्या, शाळेतल्या बाईंनी पुस्तक दिलं आणि १९६० मध्ये हा मुलगा राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात पदक घेऊन आला. पुढे तो नासात इंजिनिअर झाला. त्याच्या पुस्तकावर १९९९ मध्ये निघालेला 'ऑक्टोबर स्काय' हा चित्रपट मी भिलाईतल्या मुलांना मुद्दाम दाखवतो. कंपनीचं गाव, शिफ्टचा भोंगा, वडिलांनी कारखान्यात यावं म्हणणं, वर्कशॉपमधले हाताला चांगले लोक. आमच्या पोरांना काही वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण मंडळी, त्या चित्रपटात दिसतं ते सुदैवी पोरांचं. त्याच वर्षांत अमेरिकेत कितीतरी मुलं घराच्या तळघरात, गॅरेजमध्ये पाइप ठासत होती. काहींचे हात गेले, काहींचे जीव. बंदी घालावी असं म्हणणारे पुष्कळ होते, आणि काही ठिकाणी बंदी आलीही.

यातून वाट निघाली ती एका चपलांच्या दुकानातून. मला हा भाग फार आवडतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावात ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे गृहस्थ बूट-चपलांचं दुकान चालवायचे. शोभेच्या दारूचा त्यांना नाद. त्यांचे भाऊ रॉबर्ट यांना मॉडेल विमानांचा नाद, आणि ते रॉकेटच्या तत्त्वावर व्याख्यानं द्यायचे. व्याख्यानात दाखवायला काहीतरी उडणारं हवं, म्हणून १९५४ च्या सुमारास ऑर्व्हिलनी एक छोटं रॉकेट केलं. कागदाची नळी, बाल्सा लाकडाचे हलके पंख, आत एक छोटी काढता-घालता येणारी मोटर, आणि वर गेल्यावर बाहेर येणारं पॅराशूट. एकदा उडवून झालं की नवी मोटर घालायची आणि परत उडवायचं.

१९५७ च्या फेब्रुवारीत 'पॉप्युलर मेकॅनिक्स' मासिकात हॅरी स्टाइन यांचा लेख आला. स्टाइन व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम करायचे. लेख रॉकेट चाचणीतल्या सुरक्षिततेवर होता. कार्लाइलनी त्यांना पत्र लिहिलं आणि आपलं रॉकेट पाठवून दिलं. स्टाइनना पोरांची पत्रं आधीपासून येत होती, दारू कशी बनवायची विचारणारी. त्यांना एकदम लक्षात आलं की उत्तर हे आहे. मुलानं दारूला हातच लावायचा नाही. मोटर कारखान्यात तयार होईल, मोजून मापून, कागदाच्या जाड नळीत. मुलानं करायचं ते बाकी सगळं: नळी, पंख, नाक, पॅराशूट, हिशेब. आणि पेटवायचं काडीनं नाही, लांब उभं राहून विजेच्या तारेनं.

१९५७ मध्येच 'नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री' ही संघटना झाली, तिचे सुरक्षा नियम झाले. मोटरी हव्या तेवढ्या आणि एकसारख्या मिळेनात, तेव्हा डेन्व्हरच्या व्हर्न एस्टेस या फटाकेवाल्यांच्या मुलानं हवेच्या दाबावर चालणारं यंत्र बनवलं. त्याचं नाव त्यानं 'मेबल' ठेवलं. हे यंत्र साडेपाच सेकंदांत एक मोटर बाहेर टाकायचं. १९५९ पासून त्या मोटरी निघाल्या, आणि आजही जगभर हीच पद्धत आहे. मोटरीवर 'सी ६-५' असं काहीतरी छापलेलं असतं. अक्षर सांगतं की एकूण जोर किती: 'ए' म्हणजे जास्तीत जास्त अडीच न्यूटन-सेकंद, 'बी' म्हणजे पाच, 'सी' म्हणजे दहा, प्रत्येक अक्षराला दुप्पट. पहिला आकडा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. दुसरा आकडा इंधन संपल्यावर पॅराशूट उघडेपर्यंतचे सेकंद.

आणि नियमांतला सगळ्यात महत्त्वाचा नियम काय? रॉकेटच्या अंगात धातू नको. नाक, नळी, पंख, सगळं कागद, लाकूड, रबर, प्लास्टिक असं हलकं. म्हणजे बघा, टिपूच्या कारागिरांनी जे लोखंड घातलं ते या चपलेच्या दुकानदारानं मुलांसाठी काढून टाकलं. पल्ला गेला, बोटं राहिली.

आपल्याकडे काय झालं, हा पुढचा प्रश्न बैठकीत आलाच. आपल्याकडे एक विलक्षण माणूस होऊन गेला, आणि त्याचं नाव फार थोड्यांना माहीत आहे. स्टीफन स्मिथ. जन्म १८९१ चा, शिलाँगचा, अँग्लो-इंडियन. कलकत्त्यात कधी कस्टममध्ये, कधी पोलिसात, शेवटी दातांचा डॉक्टर. पण वेड एकच, टपाल रॉकेटनं पाठवायचं. ३० सप्टेंबर १९३४ ला त्यानं जहाजावरून सागर बेटावर पहिलं रॉकेट सोडलं. ते हवेतच फुटलं आणि पत्रं पाण्यावर पसरली. गडी खचला नाही. १९३५ मध्ये सिक्कीमच्या राजांनी त्याला बोलावलं. तिथे डोंगरात, नदीच्या पलीकडे रस्ता नाही तिथे त्यानं टपाल, औषधं, चहा-साखरेचं पार्सल रॉकेटनं टाकून दाखवलं. त्याच वर्षी २९ जूनला दामोदर नदीवरून एक कोंबडा आणि एक कोंबडी रॉकेटमध्ये बसवून पलीकडे धाडली. नावं ठेवली होती ॲडम आणि ईव्ह. दोघं जिवंत उतरली. दहा वर्षांत त्यानं अडीचशेच्या वर रॉकेट सोडली. स्काउटांच्या मेळाव्यातही त्यानं रॉकेट-टपाल उडवलं, आणि ती पत्रं आता संग्राहक जपून ठेवतात. खाकी हाफपँटमधली पोरं मैदानावर रांगेत उभी आहेत आणि समोर रॉकेट उभं आहे, हे दृश्य आपल्या देशात स्पुटनिकच्या वीस वर्षं आधीचं आहे. १९९२ मध्ये भारतीय टपाल खात्यानं स्मिथच्या आठवणीला तिकीट काढलं.

स्मिथ कलकत्त्यातल्या शोभेच्या दारूवाल्यांकडून रॉकेट करून घ्यायचा. त्याच्यामागे संघटना उभी राहिली नाही, 'मेबल' आलं नाही. १९५१ मध्ये तो गेला आणि गोष्ट तिथेच थांबली. माझं मत विचाराल तर आपल्याकडे कारागीर होते, वेडे लोक होते, मैदानं होती. मधला चपलांचा दुकानदार तेवढा नव्हता, म्हणजे पोराच्या हातात काय द्यायचं आणि काय नाही हे ठरवून त्याची वस्तू बनवणारा.

मोठ्या रॉकेटांचं मात्र आपल्याकडे वेगळं घडलं, आणि त्यात मराठी माणसं पहिल्या दिवसापासून होती. २१ नोव्हेंबर १९६३ ला संध्याकाळी केरळच्या किनाऱ्यावर थुंब्याहून पहिलं रॉकेट गेलं. रॉकेट अमेरिकन, नाइके-अपाचे. त्यातली सोडियमच्या वाफेची सामग्री फ्रेंच. थुंब्याची जागा शोधण्याच्या कामात विक्रम साराभाईंबरोबर कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. नासात प्रशिक्षण घेऊन आलेल्या पहिल्या तुकडीत पुण्याचे प्रमोद काळे होते. त्या दिवशी रॉकेट उचलायच्या क्रेनमधून तेल गळायला लागलं आणि शेवटी माणसांच्या खांद्यांनी ते जागेवर बसवलं गेलं, असं कलामांनी लिहून ठेवलंय.

चार वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ ला, आपलं स्वतःचं रॉकेट उडालं. रोहिणी-७५. या ७५ चा अर्थ व्यास ७५ मिलिमीटर. घरातली दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली आणून मोजा, ती साधारण ११० भरते. आपलं पहिलं देशी रॉकेट त्या बाटलीपेक्षा बारीक होतं. त्याच वर्षी डॉ. वसंत गोवारीकर इंग्लंडमधली नोकरी सोडून थुंब्याला आले आणि घन इंधनाच्या मागे लागले. बाणाच्या नळीत ठासायच्या दारूचंच हे शास्त्र, पण शंभर पटींनी अवघड: इंधन मळायचं, ओतायचं, त्यात बुडबुडा राहू द्यायचा नाही, चीर पडू द्यायची नाही. चीर पडली की जळणारा पृष्ठभाग वाढतो, दाब वाढतो, आणि मग नळीचं काय होतं ते वर सांगितलंच. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा घन इंधनाचा आहे. त्याचं पोलादी कवच बनवणाऱ्यांत इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आहे, जिथे लोक उसाच्या गाड्या बघायला सवकलेले. पुण्याच्या पाषाणमधल्या प्रयोगशाळेनं पिनाक रॉकेट उभं केलं. आणि सोव्हिएत लोक भिलाईत होते तसे थुंब्यालाही आले. १९७० पासून पुढे वीस-बावीस वर्षं त्यांची एम-१०० हवामान रॉकेट तिथून नेमानं सुटत होती.

आता परत मुलांकडे. आपल्या देशात दारू बनवणं, साठवणं १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली येतं. बाण सोलून पाइप भरणं धोक्याचं तर आहेच, गुन्हाही आहे. स्फोटकांवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था 'पेसो', तिचं मुख्यालय आमच्या नागपुरातच आहे. अमेरिकेसारख्या तयार मोटरी आपल्या गल्लीच्या दुकानात मिळत नाहीत. वातावरण बदलतंय: २०२५ च्या ऑक्टोबर अखेरीस उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात विद्यार्थ्यांच्या मॉडेल रॉकेटांची देशपातळीवरची स्पर्धा झाली, तीत मोटरी आणि प्रक्षेपण जाणकारांच्या हातात होतं. पण ती कॉलेजच्या मुलांची. आमच्या रिसालीच्या सहावी ते दहावीच्या पोरांनी काय करायचं?

उत्तर फिटर काकांनी दिलं. पाणी.

पाण्याचं रॉकेट म्हणजे कोल्ड्रिंकची रिकामी बाटली उलटी, तिच्यात एक तृतीयांश पाणी, तोंडाला बूच, बुचातून सायकलच्या पंपानं हवा. हवा दाबली जाते, बूच सुटतं, पाणी खाली फेकलं जातं, बाटली वर. न्यूटनचा तिसरा नियम तोच, दाबाचं गणितही तेच, आग तेवढी नाही. काकांनी घरच्या भंगारातून चौकट जोडली, त्यावर बाटलीची मान धरणारा खटका बसवला आणि खटक्याला दहा मीटर दोरी. पंपाला दाबमापक. सायकलचा टायर सहन करतो त्याच्याही खालीच थांबायचं, चार बारच्या पुढे काटा जाऊ द्यायचा नाही, हे ठरलं. चिरा पडलेली, एकदा आपटलेली बाटली परत वापरायची नाही. दाब भरल्यावर कोणीही जवळ जायचं नाही. अडकलं तर दोरीनंच हवा सोडायची. चौकट लोखंडाची, रॉकेटमध्ये लोखंड नाही. काकू म्हणाल्या, "मी येऊन बघेन, आणि मला पटलं नाही तर बंद." सगळ्यांनी मान्य केलं.

डिसेंबरातला रविवार, सकाळी सात. थंडीत इथे वारा पडलेला असतो, म्हणून ती वेळ. मराठी घरांतली पोरं होती, तशी शेजारची छत्तीसगढी, तेलुगू, मल्याळी, बंगाली. भिलाईत मैदानावर एकाच भाषेची पोरं कधीच नसतात. एकूण चौदा रॉकेट. उडवायच्या आधी प्रत्येकाची एक परीक्षा होती: रॉकेटच्या गुरुत्वमध्याला दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर पास. गिरक्या खाल्ल्या तर नाकात मातीचा गोळा वाढवायचा किंवा पंख मोठे करायचे. पाच रॉकेटं पहिल्या फेरीत नापास झाली. जुन्या बाणाला एवढा लांब बांबू कशाला होता, हे त्या पाच जणांना मला वेगळं सांगायला लागलं नाही.

उंची मोजायला पन्नास मीटरवर दोन मुली कोनमापक आणि ओळंबा घेऊन उभ्या. सगळ्यात वर रॉकेट असताना कोन बघायचा. कोन ३५ अंश आला तर त्याचा टॅन ०.७, म्हणजे ३५ मीटर, त्यात डोळ्यापर्यंतची उंची मिळवायची. सातवीतल्या पोरांना टॅन शिकवलेला नसतो. कागदावर त्रिकोण काढून मापानं मोजा म्हटलं, तर त्यांनी तसं मोजलं, आणि दहावीवाल्यांच्या आधी.

ज्या मुलाचा हात भाजला होता तो आला होता. येईल की नाही याची खात्री नव्हती. तो सुरुवातीला आईच्या मागे, मैदानाच्या कडेला उभा. काकांनी त्याला हाक मारून दोरीजवळ उभं केलं आणि सांगितलं, आज दोरी तू ओढायची, आणि सगळे पांढऱ्या रेघेच्या मागे गेल्याशिवाय ओढायची नाही. तो डाव्या हातानं ओढत होता. तिसऱ्या का चौथ्या रॉकेटला एक चिमुरडा रेघ ओलांडून पुढे गेला, तर हा जोरात ओरडला, "मागे! सगळे मागे!" आणि दोरी सोडून हात वर करून उभा राहिला. चिमुरडा मागे आल्यावर परत उलटे आकडे सुरू. काकू माझ्या शेजारी होत्या. काही बोलल्या नाहीत, पण चौदाही उडेपर्यंत थांबल्या.

अमेरिकेत २००३ पासून शाळकरी मुलांची एक मोठी स्पर्धा होते, तीत रॉकेटमधून कच्चं अंडं पाठवायचं आणि न फुटता परत आणायचं असतं. ते ऐकून आमच्याकडच्या एका आठवीतल्या मुलीनं स्मिथचा कोंबडा आणि हे अंडं एकत्र केलं. नाकात कापूस, कापसात अंडं, अंड्यावर पेनानं 'ॲडम' लिहिलेलं. मोडक्या छत्रीच्या कापडाचं पॅराशूट. ते अर्धवट उघडलं. बाटली झुडपात पडली, सगळी पोरं धावली, आणि शेजारचा एक छत्तीसगढी पोरगा आधी पोचून ओरडला, "फूटिस नइ!" फुटलं नव्हतं.

त्या दिवशीची सगळ्यात जास्त उंची ४१ मीटर निघाली, नववीतल्या दोघांची. चौदापैकी दहा रॉकेट परत उडवण्याजोगी राहिली, एक शेजारच्या क्वार्टरच्या छपरावर आहे. पुढची फेरी फेब्रुवारीत आहे आणि दोरीजवळचा मुलगा तेव्हा स्वतःचं रॉकेट आणणार आहे. त्याच्या वहीत मी पंखांची चित्रं बघितली, तीन पंखांची आणि चार पंखांची, शेजारी शेजारी.

तुमच्या गावात करायचं असेल तर चौकटीचं माप या भागाच्या शेवटी चित्रात दाखवलं आहे. पुढच्या भागात नगरच्या विहिरीतले बाण घेऊ: ते तिथे कोणी टाकले असावेत, आणि लोखंड एवढं वर्षं पाण्यात का टिकलं.